आवतन आणि ओळखपत्र : ‘झुंड’ चित्रपटातील न दाखविलेल्या स्पर्धेचा विचार

प्रास्ताविक

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या दोन मराठी चित्रपटांनंतर दिग्दर्शकाने हिंदीकडे वळणे, मुख्य भूमिकेसाठी अमिताभ बच्चन यांची निवड करणे आणि नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांची फुटबॉलकथा सांगणे या गोष्टींमुळे चित्रपटाबद्दल पुष्कळ लिहिले व बोलले गेले. बच्चन यांनी साकारलेले विजय बोराडे हे पात्र नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडा शिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेले आहे. चर्चेचा भर साहजिकच या पात्रावर, आंबेडकर जयंतीच्या प्रसंगावर आणि जवळजवळ तीन तासांच्या लांबीवर राहिला. चित्रपटाच्या उत्तरार्धाची सारी रचना मात्र ज्या एका घटनेवर उभी आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ती घटना म्हणजे परदेशातील एका फुटबॉल स्पर्धेचे निमंत्रण होय.

या निमंत्रणाबाबत एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी लागते. ज्या स्पर्धेसाठी एवढी धडपड होते ती स्पर्धा प्रेक्षकाला दिसतच नाही. खेळपटाच्या रूढ संकेतानुसार कथानकाचा शेवट अंतिम सामन्यात व्हावयास हवा. ‘लगान’ (२००१) आणि ‘चक दे! इंडिया’ (२००७) या दोन्ही चित्रपटांनी तो संकेत पाळला. ‘चक दे’मधील मुली ऑस्ट्रेलियात पोहोचतात, हरतात, सावरतात आणि जिंकतात. ‘झुंड’ मात्र विमानतळावरच थांबतो. हा अपुरेपणा आहे की आशयाची निकड, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. त्यासाठी निमंत्रित स्पर्धा या प्रकाराचा थोडा इतिहास, बेघरांच्या विश्वचषकाचे प्रत्यक्ष स्वरूप आणि चित्रपटातील कागदपत्रांचे कथानक यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

निमंत्रण कोण देतो?

वऱ्हाडात जेवणाच्या बोलावण्याला ‘आवतन’ म्हणतात. लग्नाचे असो की तेरवीचे, आवतन घरोघर जाऊन द्यावयाचे असते. कोणाला आवतन जाते, कोणाला जात नाही आणि ज्याला जाते त्याने कोणत्या पंगतीत बसावयाचे, यावरून गावाची रचना ओळखता येत असे. आवतन मिळाले म्हणजे पान मिळाले असे नव्हे, हे दलित आत्मकथनांच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. खेळाच्या क्षेत्रातील निमंत्रणही याहून फार निराळे नाही.

मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. आरंभीची कित्येक वर्षे ती मुख्यतः ब्रिटिश लष्करी पथकांची स्पर्धा होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या भारतीय संघाने ती जिंकली, म्हणजे यजमानांच्या पंगतीतील पहिल्या पानावर पाहुणा बसावयास चाळीसहून अधिक वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या ब्राझील विश्वचषकात भारतीय संघाला स्थान मिळाले होते. आशियातील इतर संघांनी माघार घेतल्यामुळे ते मिळाले. संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे तो गेला नाही अशी कथा आजही सांगितली जाते, परंतु फुटबॉल महासंघाला त्या काळी ऑलिंपिकचे महत्त्व अधिक वाटत होते, हे कारण अभ्यासकांना जास्त पटते. पुढे १९८२ पासून महासंघाने नेहरू चषक ही आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा भरविली. तिचे १९८९ चे पर्व गोव्यात झाले. गोवा हे ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले होते. दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या या लहानशा राज्याने मडगावजवळ फातोर्डा येथे काही महिन्यांत स्टेडियम उभे केले आणि सोव्हिएत संघ, हंगेरी यांसारख्या देशांचे संघ तेथे खेळले. हंगेरीने चषक जिंकला. भारतीय संघाची कामगिरी आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. गोव्याच्या लोकांना मात्र ते स्टेडियम आठवते. लहान यजमान स्पर्धा भरवितो ती पुष्कळदा जिंकण्यासाठी नसतेच. आपण कोणालातरी बोलावू शकतो, एवढे सिद्ध करणे हाच तिचा हेतू असतो.

या पार्श्वभूमीवर बेघरांचा विश्वचषक ही वेगळीच गोष्ट आहे. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांच्या चालकांची एक परिषद २००१ मध्ये केपटाऊन येथे भरली होती. तेथे स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड यांच्या बोलण्यातून या स्पर्धेची कल्पना निघाली. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात १८ देशांच्या सहभागाने झाली. यजमान ऑस्ट्रियानेच ती जिंकली. त्यानंतर गोथेनबर्ग, एडिंबरा, केपटाऊन, कोपनहेगन अशी ती फिरत राहिली. ग्लासगो (२०१६), ऑस्लो (२०१७) आणि वेल्सची राजधानी कार्डिफ (२०१९) येथील यजमानपद पाहता, लहान राष्ट्रांनी या स्पर्धेला आपलेसे केलेले दिसते. कार्डिफची हकीकत विशेष बोलकी आहे. ऐनवेळी निधी कमी पडल्यामुळे वेल्सचे अभिनेते मायकल शीन यांनी स्वतःची घरे विकून स्पर्धेचा खर्च भागविला. बेघरांच्या स्पर्धेसाठी एका नटाने आपले घर विकावे, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

स्पर्धेचे नियमही अभ्यसनीय आहेत. एका वेळी मैदानावर प्रत्येक बाजूचे चार खेळाडू असतात, त्यांत एक गोलरक्षक. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद. साखळी फेरीत हरलेला संघ घरी जात नाही. त्याच्या पातळीच्या संघांशी वेगळ्या चषकासाठी तो शेवटच्या दिवसापर्यंत खेळतो. सामने शहराच्या मध्यवर्ती चौकात होतात. ग्लासगोत ते जॉर्ज स्क्वेअरमध्ये झाले, कोपनहेगनमध्ये नगरभवनासमोर झाले, पॅरिसला आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी झाले. जो माणूस एरवी त्या चौकातील बाकावर झोपला तर पोलीस त्याला हटकतात, त्याच्यासाठी तेथे प्रेक्षकागार उभे राहते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, एका खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत खेळता येते.

नागपुरात २००१ मध्ये विजय बारसे यांनी झोपडपट्टी फुटबॉलचे काम सुरू केले. पावसात काही मुले फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यातून हे काम सुचले, ही कथा आता सर्वपरिचित आहे. त्यांच्या ‘स्लम सॉकर’ या उपक्रमातून पुढे बेघरांच्या विश्वचषकासाठी भारताचे संघ गेले. ‘झुंड’च्या कथानकाचा वास्तवाधार हा असा आहे.

भिंतीच्या दोन बाजू

चित्रपटाच्या पूर्वार्धात महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. महाविद्यालयाकडे हिरवे मैदान, गणवेश, प्रशिक्षक आणि चषकांचे कपाट; वस्तीकडे कचऱ्याचे ढीग, नशा, चोरी आणि रिकामा वेळ. बोराडे सर पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडणारी मुले पाहतात आणि दुसऱ्या दिवशी फुटबॉल घेऊन येतात. अर्धा तास खेळलात तर पाचशे रुपये देईन, असे सांगतात. हा प्रसंग अनेकांना विनोदी वाटतो, तो विनोदी आहेही. परंतु निमंत्रणाच्या दृष्टीने पाहिल्यास तो फार नेमका आहे. ज्यांना आजवर कोणी बोलावले नाही त्यांना फुकटचे बोलावणे संशयास्पद वाटते. मजुरी दिली तर मात्र तो व्यवहार त्यांना कळतो. काही दिवसांनी सर पैसे देणे थांबवितात आणि मुले तरीही खेळावयास येतात. आवतन स्वीकारले गेल्याची ही खूण पटकथेने एकही शब्द न वापरता दाखविली आहे.

या भागातील सर्वांत समर्थ प्रसंग सामन्याचा नाही. बोराडे सरांच्या घरातील बैठकीच्या खोलीत ही मुले दाटीने बसलेली आहेत आणि एकेक जण आपली हकीकत सांगतो, हा तो प्रसंग होय. मुले नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेली, बहुतेकांनी कॅमेऱ्यासमोर पूर्वी कधी काम न केलेली. त्यांच्या तोंडची हिंदी ही नागपुरी हिंदी आहे. तिच्यात मराठी क्रियापदे व वऱ्हाडी हेल सहज मिसळतात. मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी ‘टपोरी’ नावाची जी एक बोली रूढ केली तिच्याशी या भाषेचा संबंध नाही. ‘झुंड’ मराठीत न केल्याबद्दल काहींनी खंत व्यक्त केली, परंतु नागपूरच्या वस्तीत ज्या भाषेत बोलले जाते तीच येथे आहे. प्रमाण मराठीत हा प्रसंग केला असता तर तो खोटा ठरला असता.

बच्चन यांची निवड हा वादाचा विषय. वंचितांच्या उद्धारासाठी बाहेरून कोणी ‘सर’ यावा, तो उच्चभ्रू दिसावा आणि सर्वांचे भाग्य त्याच्या हाती असावे, ही मांडणी दलित जाणिवेशी विसंगत नाही काय? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. चित्रपटात बोराडे यांच्या संयमाला कोठेही तडा जात नाही. पत्नी (छाया कदम) आणि मुलगा यांच्याशी त्यांचा जो संघर्ष सूचित होतो तो दोन-चार प्रसंगांत मिटून जातो. न्यायालयातील त्यांचे दीर्घ भाषण तर पूर्णतः जुन्या हिंदी चित्रपटाच्या वळणाचे आहे. दृश्यांतून जे सांगून झाले होते तेच तेथे पुन्हा शब्दांत सांगितले जाते, आणि डॉन आरोपीच्या पिंजऱ्यात असूनही बोलण्याचा हक्क सरांकडे जातो. ही चित्रपटातील सर्वांत कच्ची जागा आहे.

असे असले तरी बोराडे यांना केवळ तारणहार म्हणणे अपुरे आहे. आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात हा नट बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहून अभिवादन करतो. व्यावसायिक हिंदी चित्रपटाच्या इतिहासात सर्वांत मोठ्या ताऱ्याने असे केल्याचे उदाहरण शोधावे लागेल. नागपूर ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची भूमी. त्या शहरातील वस्तीत जयंती हा वर्षाचा सर्वांत मोठा दिवस असतो आणि त्या दिवसाचे यजमान वस्तीतील लोक असतात. सर त्या दिवशी पाहुणे आहेत. पूर्वार्धात निमंत्रक असलेला माणूस येथे निमंत्रित होतो. दिग्दर्शकाने ही अदलाबदल कॅमेऱ्याच्या जागेतून घडविली आहे. गर्दीच्या मध्यभागी वस्तीतील तरुण आहेत.

पारपत्राची कथा

उत्तरार्धात देशभरातील वस्त्यांमधील संघ खेळण्यास येतात आणि नंतर परदेशी स्पर्धेचे बोलावणे येते. देशभरातील संघांच्या स्पर्धेवर चित्रपट फार वेळ घालवीत नाही. तिच्याबद्दल येथेही अधिक लिहिण्यासारखे नाही. लक्षणीय आहे ते पुढचे. निमंत्रण आल्यानंतर चेंडू जवळजवळ दृष्टिआड होतो आणि कागद पुढे येतो.

अंकुश मसराम ऊर्फ डॉन (अंकुश गेडाम) याच्यावर मारामारीचा गुन्हा आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम ६ (२) (फ) नुसार, ज्याच्याविरुद्ध भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित आहे त्याला पारपत्र नाकारता येते. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने यातून वाट काढली आहे. संबंधित न्यायालयाने परदेशी जाण्याची अनुमती दिल्यास मर्यादित मुदतीचे पारपत्र मिळू शकते. चित्रपटातील न्यायालयाचा प्रसंग भाषणबाजीमुळे कमकुवत झाला असला तरी त्यामागील कायदेशीर पेच काल्पनिक नाही. खटला प्रलंबित असणे म्हणजे दोषी असणे नव्हे. परंतु ज्या वस्तीत पोलिसांच्या नोंदवहीत नाव येणे ही तारुण्याची जवळजवळ नित्याची बाब आहे, तेथील मुलासाठी प्रलंबित खटला हीच शिक्षा होते. पटकथेने ‘डॉन’ या टोपणनावातील उपरोध येथे चांगला वापरला आहे. बच्चन यांच्याच १९७८ च्या चित्रपटाचे हे नाव. त्या डॉनला पकडणे कठीण होते, या डॉनला सुटणे कठीण आहे.

मोनिकाचे (रिंकू राजगुरू) कथानक याहून अधिक मोलाचे वाटते. ती गोंड आदिवासी गावातील मुलगी. तिच्यावर कोणताही गुन्हा नाही. तिच्याजवळ कागदच नाही. ती आणि तिचे वडील एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडतात. प्रत्येक जण दुसरा एखादा दाखला आणावयास सांगतो आणि तो दाखला मिळविण्यासाठी पहिलाच कागद लागतो. कोणीही उर्मट वागत नाही, ही या प्रसंगमालिकेची खरी ताकद आहे. मंजुळे यांनी येथे खलनायक उभा केला असता तर काम सोपे झाले असते. कारकून आपले काम करीत आहेत, नियम आपल्या जागी आहे, आणि या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला एक माणूस आपण येथलेच आहोत हे सिद्ध करू शकत नाही. गंमत अशी की, ‘मसराम’ हेही विदर्भात गोंड समाजात आढळणारे आडनाव आहे. शहरातील वस्तीत वाढलेल्या डॉनची नोंद सरकारदप्तरी आहे ती आरोपी म्हणून. रानाकडच्या मोनिकाची नोंदच नाही.

वाशीमसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात काम करणाऱ्या अध्यापकाला या प्रसंगमालिकेची ओळख पटावयास वेळ लागत नाही. दरवर्षी प्रवेशाच्या काळात जातपडताळणीची जी धावपळ चालते तिचेच हे चित्र आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाव्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे वास्तव्य पुराव्यानिशी दाखवावे लागते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाचे आजोबा-पणजोबा तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरत होते. त्यांच्या नातवाने १९६१ पूर्वीचा शाळेचा दाखला आणावा, अशी अपेक्षा असते. जो कधी शाळेत गेला नाही त्याचा शाळा सोडल्याचा दाखला कोठून येणार? कोतवाल बुकातील नक्कल, जुना खरेदीखताचा उतारा, एखाद्या चुलत आजोबाचे नाव असलेले हजेरीपत्रक यांसाठी मुले तहसील कार्यालयात हेलपाटे घालतात आणि त्या दिवसांत वर्गात गैरहजर असतात. नियम अनावश्यक आहे असे येथे सुचवावयाचे नाही. खोट्या दाखल्यांमुळे खऱ्या लाभार्थ्यांचे नुकसान झाले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुराव्याचे ओझे नेमके ज्याच्याजवळ कागद असण्याची शक्यता सर्वांत कमी त्याच्यावरच सर्वांत जास्त पडते, ही वस्तुस्थिती ‘झुंड’ने दृश्य केली आहे.

पारपत्राबाबतचे नियमही या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. २६ जानेवारी १९८९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला सादर करणे कित्येक वर्षे अनिवार्य होते. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट सैल करून शाळा सोडल्याचा दाखला, आधार यांसारखे पर्याय मान्य झाले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण घरी, शेतावर, ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या मुलांच्या नोंदी त्या कायद्याने आपोआप झाल्या नाहीत. मोनिकाच्या वडिलांना कायद्याची ही कलमे ठाऊक नाहीत आणि चित्रपटही ती सांगत नाही. तो फक्त त्यांची पायपीट दाखवितो, ते पुरेसे आहे.

बेघरांच्या विश्वचषकाचा इतिहासही येथे चित्रपटाच्या बाजूने साक्ष देतो. २००५ ची स्पर्धा न्यूयॉर्कला व्हावयाची होती. खेळाडूंना अमेरिकेचा व्हिसा मिळेल याची शाश्वती नसल्याने ती एडिंबराला हलविण्यात आली आणि तेथेही आफ्रिकेतील काही संघांना ब्रिटनचा व्हिसा नाकारला गेला. संयोजकांनी बोलावले, पण सीमेवरच्या अधिकाऱ्याने अडविले. ज्या स्पर्धेत प्रवेशासाठी घर नसणे ही अट आहे, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र घराचा पत्ता द्यावा लागतो! पारपत्राच्या अर्जात सध्याच्या पत्त्याचा रकाना असतोच आणि पोलीस त्या पत्त्यावर चौकशीस येतात.

विमानतळ

चित्रपटाच्या अखेरीस संघ विमानतळावर पोहोचतो. सुरक्षा तपासणीच्या दारातून जाताना डॉनला पुन्हा पुन्हा अडविले जाते. यंत्र वाजते, तो अंगावरची एकेक वस्तू काढतो, यंत्र पुन्हा वाजते. सवयीने जवळ बाळगलेले हत्यार शेवटी टाकून दिल्यावर तो पलीकडे जातो. या दृश्याची लय संथ आहे. काही प्रेक्षकांना ते लांबलेले वाटते. परंतु अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी होणाऱ्या गोलाची जागा या दृश्याने घेतली आहे, हे ध्यानात घेतले तर त्याची लांबी खटकत नाही. महाविद्यालयाच्या भिंतीपासून सुरू झालेली अडथळ्यांची मालिका पोलीस ठाणे, न्यायालय, तहसील कार्यालय अशी येऊन या धातुशोधक चौकटीपाशी संपते. मैदानावरचा प्रतिस्पर्धी या मालिकेत कोठेच नाही. म्हणून स्पर्धा न दाखविणे हा अपुरेपणा ठरत नाही. सामना दाखविला असता तर विजय-पराजयाच्या उत्कंठेत कागदांची कथा बुजून गेली असती.

मंजुळे यांच्या तिन्ही चित्रपटांचे शेवट एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘सैराट’च्या शेवटी मुलाची रक्ताने माखलेली पावले उमटतात आणि ध्वनी नाहीसा होतो. ‘झुंड’च्या शेवटी विमान वस्तीवरून जाते. पहिल्या दोन शेवटांनी प्रेक्षकाला जागच्या जागी खिळविले होते. तिसऱ्याने त्याला टाळ्या वाजविण्याची मुभा दिली, आणि म्हणून तो शेवट गुळगुळीत आहे असे काहींना वाटले. हे मत पूर्णपणे मान्य करता येत नाही. कॅमेरा विमानात बसत नाही. तो खाली, वस्तीच्या बाजूलाच राहतो. वर जाणारे विमान आणि खाली राहिलेली वस्ती एकाच चौकटीत आहेत. विमानात फार तर आठ-दहा जण मावले. झुंड खालीच आहे.

या ठिकाणी एक तुलना अपरिहार्य होते. २०१७ मध्ये भारताने १७ वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भरविला. नवी मुंबई हे त्याचे एक केंद्र होते. त्यानिमित्त १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रभर ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम झाला. शाळाशाळांतून फुटबॉल वाटले गेले आणि एकाच दिवशी लाखो मुलांनी चेंडूला लाथ मारली. त्या दिवसाची छायाचित्रे उत्साहवर्धक होती यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी खेळण्यासाठी मैदान कोठे आणि शिकविणारा कोण, हा प्रश्न छायाचित्रांच्या कक्षेबाहेरचा होता. बोराडे सरांनी जो चेंडू वस्तीत नेला तो त्यांनी दुसऱ्या दिवशीही नेला आणि तिसऱ्याही. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या एका क्रीडा शिक्षकाची ही चिकाटी चित्रपटाने मनःपूर्वक टिपली आहे. मात्र ती चिकाटी एका माणसाच्या स्वभावाची बाब म्हणून येते. ज्या महाविद्यालयात ते नोकरीला आहेत, त्या महाविद्यालयाच्या मैदानाचे दार वस्तीसाठी कायमचे का उघडत नाही, हा प्रश्न पटकथा एका सामन्यापुरता उपस्थित करते आणि सोडून देते. संध्याकाळी कुलूपबंद होणारी महाविद्यालयीन मैदाने हा विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसणारा प्रकार आहे, आणि समीक्षकांपैकी बहुतेक जण महाविद्यालयांतच नोकरी करीत असूनही त्याबद्दल कोणी लिहिले नाही.

स्त्री पात्रांबाबतही असेच म्हणावे लागते. रझिया ही मुलाबाळांचा संसार ओढणारी स्त्री मैदानावर येते तेव्हा एक स्वतंत्र चित्रपट सुरू होईल असे वाटते. तसे होत नाही. भावना ही महाविद्यालयीन तरुणी तर केवळ डॉनच्या नजरेतूनच दिसते. मोनिकाला जे मिळाले ते रझियाला मिळाले असते, तर उत्तरार्धाची लांबी कोणाला जाणवली नसती.

राहिला प्रश्न परतीचा. बेघरांच्या विश्वचषकात खेळाडूला एकदाच खेळता येते, हा नियम चित्रपटात कोठेही सांगितलेला नाही. तो ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला विमानाचे उड्डाण निराळे दिसते. डॉन परत येईल तेव्हा पुढच्या वर्षीची निवड त्याच्यासाठी नसेल, प्रलंबित खटल्याची तारीख मात्र असेल. मोनिकाचे तसे नाही. प्रौढ व्यक्तीचे पारपत्र दहा वर्षे चालते. स्पर्धा आठवडाभरात संपली तरी तो कागद तिच्याजवळ राहील आणि पुढे कोणत्याही टेबलावर ती तो ठेवू शकेल. तिच्या वडिलांनी मुलीच्या कागदांसाठी जी वणवण केली तीत त्यांच्या स्वतःच्या ओळखीचा पुरावाही वेळोवेळी मागितला गेला होता. तो त्यांना पुढे मिळाला की नाही, हे पटकथा सांगत नाही.